शेंडेनक्षत्र दिसलं त्या संध्याकाळी

दिवेलागणीला आमच्या घराचं दार उघडं असतं. माझ्या माहेरी तसंच होतं, सासरी आले तर इथेही तसंच. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, तिला बंद दार दिसू नये, म्हणून देवापाशी दिवा लावून माझा जप होईपर्यंत दार सताड उघडं ठेवायचं. रायपुरात, तात्यापाऱ्यात राहून आमचं बरंच काही बदललं. बोलण्यात निम्मी हिंदी आली, नाश्त्याला चीला आला, मुलीने तर मराठी फक्त ऐकण्यापुरती ठेवली. पण दाराची ही रीत काही सुटली नाही. आणि देवी आत यावी म्हणून जे दार मी जन्मभर उघडत आले, त्याच दारातून एका संध्याकाळी माझे यजमान बाहेर निघून गेले. त्या संध्याकाळी माझा विश्वास जेवढा डळमळला तेवढा आधी कधीच डळमळला नव्हता. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. त्याला काय म्हणायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

हे रेल्वेत गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून सगळी उमर काढली, आणि एक झेंडासुद्धा कधी विसरले नाहीत. निवृत्तीनंतर मात्र विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग जेवलो की नाही ते. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार बरा होत नाही, औषधांनी थोडा धीमा होतो एवढंच. सकाळी हे पुष्कळसे पूर्वीचेच असतात, पेपर वाचतात, भाजीत मीठ कमी झालं तर बोलून दाखवतात. सूर्य कलला की बिनसतं. संध्याकाळी कधीकधी मलाही ओळखत नाहीत. मग मला ‘बाई’ म्हणतात, फार अदबीने. ‘बाई, जरा पाणी देता का?’ पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडले होते. तेव्हापासून देव्हाऱ्यातल्या माहूरच्या रेणुकेपुढे माझं एकच मागणं असायचं, की सगळ्या जगाला विसरू दे, पण मला विसरू देऊ नकोस.

माझा स्वभाव आधीच घोर लावून घेणारा. डोळा लवला तरी मी दिवसभर वाट पाहत बसते की आता काय होणार. तशात त्या वर्षी दसरा झाला, घट उठले, आणि आकाशात शेंडेनक्षत्र आलं. पेपरात मोठा फोटो होता. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला थोडा वेळ दिसेल, एकदा गेलं की हजारो वर्षं परत यायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. सगळ्यांना त्याचं कौतुक, आणि मला भीती. आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं, की शेपटीचा तारा दिसला की घरातल्या कर्त्या पुरुषावर गंडांतर येतं. आम्ही लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, मुलगी मंजू तेव्हा शाळेत होती, तेव्हाही असंच एक दिसायचं. हे तिला खांद्यावर घेऊन रोज फलाटाच्या टोकाशी न्यायचे आणि मलाही हाका मारायचे. मी गेले नाही. गेले एकदा, तर पदर डोळ्यांवर ओढून उभी राहिले. ह्यांनी त्यावरून मला पुढे कित्येक वर्षं चिडवलं.

ह्या वेळी तो फोटो पाहून ह्यांच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती. सकाळपासून मागे लागले. आज दिसंल का, पश्चिमेले मोकळं कुठी आहे, जाऊन पाहू. आमच्या गल्लीतून पश्चिम दिसतच नाही, समोर तीन मजली इमारत आहे. मंजूचा फोन आला तेव्हा तिलाही विचारलं. ती हसून म्हणाली, तालाब पे दिखेगा बाबा, तेलीबांधा में, इतवार को ले जाऊँगी. मी फोन काढून घेतला. एरवी चहा घेतलेला विसरणारा माणूस ही एक गोष्ट काही विसरेना, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. शेवटी मी जरा तोडूनच म्हटलं की पाहायचं नाही, चांगलं नसतं ते. ‘काहून?’ म्हणाले. ‘तुले भेव वाटते तर तू नको पाहू, मी पाहीन.’

संध्याकाळी दार उघडलं, दिवा लावला आणि डोळे मिटून माळ घेतली. हे खुर्चीत होते. त्या दिवशी मनाला जास्त लागलं होतं म्हणून मी जपही जास्त केला, ह्यांच्यावरचं गंडांतर टळू दे म्हणून. डोळे उघडले तर खुर्ची रिकामी. आतल्या खोलीत नव्हते, गच्चीवर नव्हते. चपला नव्हत्या. खुंटीवरचा दसऱ्याला घातलेला पांढरा सदरा नव्हता.

गल्लीत पाहिलं, पानठेल्यावर विचारलं, गणपतीच्या देवळात जाऊन आले. कुणीच पाहिलं नव्हतं. शेजारी राहणारे वर्मा भैया स्कूटर काढत म्हणाले की रेलवे का आदमी है, स्टेशन ही जाएगा, और कहाँ जाएगा. मलाही ते पटलं, आणि पटल्यावर तर जीवच राहिना. स्टेशन म्हणजे रूळ. ह्यांना रुळांची भीती नाही, सगळं आयुष्य त्यावरच गेलेलं, आणि आता गाडी कोणत्या बाजूने येते ते कळेल की नाही कुणास ठाऊक. फोन गेला तशी मंजू तिच्या समता कॉलोनीतल्या घरून धावत आली. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. तिने ह्यांचा एक फोटो घेतला, पोलीस ठाण्यात जाते म्हणाली, आणि मी चप्पल घालायला लागले तर मला खांद्याला धरून बसवलं. ‘तू घर पे ही रह माँ. बाबा लौट आए और घर में कोई नहीं मिला तो?’ तिचं बरोबर होतं. माझा फोन वर्मा भाभींच्या हातात देऊन ती गेली, कारण माझ्या हाताने तो धरवत नव्हता.

वाट पाहण्याएवढं वाईट काही नाही. भाभी बाजूला बसून माझा हात चोळत होत्या, फोन वाजला की आम्ही दोघी दचकत होतो, आणि प्रत्येक वेळी नाही मिळाले, अजून नाही मिळाले. मी देव्हाऱ्यासमोर बसले, पण तोंडून नाव येईना. दिवा तसाच शांत जळत होता आणि मला त्याचाच राग आला. नऊ दिवस घट बसवला, अखंड दिवा सांभाळला, उपास केले. तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं, आणि तू काय केलंस? आत तर आली नाहीस, माझं होतं ते घेऊन गेलीस. हे मी मनात म्हटलं की मोठ्याने ते आठवत नाही. भाभींना मराठी कळत नाही ते बरं. मग तिच्या चांदीच्या टाकाकडे बघून मला एकदम कळलं की माझ्याजवळ आता काहीच उरलेलं नाही. ना धीर, ना युक्ती, ना रागसुद्धा. मी एवढंच म्हटलं, ‘आता तुलेच समजते, माय. मले काही समजत नाही.’

त्यानंतर मी उठले ते दार लावायला. खरंच लावणार होते. कडीला हात घातला तर बाहेर एक ऑटो उभा, आणि ऑटोवाला पायरीवर येऊन विचारतोय, ‘तेलीबांधा तालाब के लिए आपने ही बुलाया न?’

आम्ही काही बोलावलं नव्हतं. भाभींनी नाही, मी तर नाहीच. गल्लीतल्या कुणीतरी फोनवर मागवला असेल आणि तो घर चुकला असेल, गल्लीत हे नेहमी होतं. एरवी मी त्याला पुढचं घर दाखवलं असतं. पण तलाव हा शब्द कानावर पडला आणि सकाळचं सगळं डोळ्यासमोर आलं. पश्चिमेले मोकळं कुठी आहे. मंजूचं हसणं. सगळे स्टेशनवर शोधत होते, आणि ह्यांनी तर सकाळपासून एकच जागा विचारली होती. ‘हव,’ मी म्हटलं, ‘मीच बुलाया.’ भाभी मागून हाका मारत होत्या. मी ऑटोत बसले तेव्हा कळलं की पायात चप्पल नाही.

तो रस्ता कसा गेला ते सांगता येत नाही. प्रत्येक सिग्नलला वाटायचं की मी मंजूचं ऐकायला हवं होतं, हे इकडे घरी आले असतील, स्टेशनवर सापडले असतील, नाहीतर त्याहून काही वाईट झालं असेल आणि मी मूर्खासारखी तलावावर चाललेय. तलाव म्हणजे पाणी, हे तर मला अर्ध्या वाटेत सुचलं. मग रुळांची भीती गेली आणि पाण्याची बसली. ऑटोवाल्याला मी काय काय सांगितलं कुणास ठाऊक, तो मागे वळून बघायचा आणि जोरात घ्यायचा.

तलावाच्या काठावर जत्रा लोटावी तशी माणसं होती. पोरंबाळं, जोडपी, म्हातारे, सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे आणि फोन वर धरलेले. कुणी म्हणे दिसलं, कुणी म्हणे कुठे, त्या चमकत्या ताऱ्याच्या उजवीकडे बघ. मी एकटी त्यांच्याकडे तोंड करून चालत होते. आभाळाकडे एकदाही पाहिलं नाही. पांढरा सदरा दिसला की धावायचे, जवळ गेलं की दुसराच कुणी. मुरमुरेवाल्याला विचारलं, फुगेवाल्याला विचारलं. पुढे एका ठिकाणी दहाबारा माणसं आभाळ सोडून कठड्यावरून खाली पाण्यात वाकून बघत होती. एक बाई ‘अरे राम’ म्हणाली. माझे पाय तिथेच थांबले. तिथवर जायचं बळ कुठून आणलं ते त्या माउलीला माहीत. जाऊन पाहिलं तर एक भलंमोठं कासव पायरीशी वर आलं होतं आणि तोंड उघडून मुरमुरे खात होतं. इतक्या वर्षांत मी त्या तलावात कासव पाहिलं नव्हतं. मी कठड्याला धरून खाली बसले आणि हसायला की रडायला आलं ते मला कळेना.

तिथूनच, बसल्या बसल्या, मला हे दिसले. उभी राहून चालत राहिले असते तर दिसले नसते, मध्ये माणसांची भिंत होती. त्या सगळ्या पायांच्या मधून पलीकडे एक भुट्ट्याची गाडी दिसली, शेगडी विझलेली, आणि गाडीमागे प्लास्टिकच्या स्टुलावर पांढरा सदरा. भुट्टेवाली बाजूला उभी राहून सुपाच्या तुकड्याने ह्यांना वारा घालत होती. तिचा माल कधीच संपला होता, पोतं घडी घालून ठेवलं होतं. मी धापा टाकत पोचले तर ती माझ्या अनवाणी पायांकडे बघूनच समजली. म्हणाली, ‘तोरेच आय का दाई? बबा ला छोड़ के मैं कइसे जातेंव?’ तुझेच का हे, बाबांना सोडून मी जाणार तरी कशी, असं विचारत होती. तिने ह्यांना घर विचारलं होतं, आणि ह्यांनी तिला त्या जुन्या लहान स्टेशनाचं नाव सांगितलं होतं. ती तरी कुणाला फोन करणार? कुणीतरी येईल म्हणून ती थांबली होती. मी तिचे दोन्ही हात धरले.

हे शांत होते. घाबरलेले नव्हते, थकलेले होते. मी समोर वाकून उभी राहिले, आता ओळखतील, आता नाव घेतील म्हणून चेहऱ्याकडे बघत राहिले. ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात जोडले.

‘बाई, एक काम करान का? मले घरी पोचवून देता? माझी बायको एकटी आहे घरी. दिवेलागण होऊन गेली ना, ती लय भेते.’

इतक्या लोकांत मला माझं तोंड कुठे लपवावं ते कळेना. तास-सव्वा तास जो माणूस मी जीव मुठीत धरून शोधत होते, तो समोर होता आणि मी त्याला सापडले नव्हते. वाटलं ओरडून सांगावं की अहो, मीच ती, मी आहे. सांगितलंही असतं. पण सांगितलं की हे गोंधळतात, गोंधळले की रागावतात, उठून कुठेही चालायला लागतात, हे मला ठाऊक होतं. आणि ह्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी जी काळजी होती ती मी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. म्हणून मी म्हटलं, ‘चला, पोचवते.’

उठताना ह्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. ‘ते पाहून घ्या आधी. तिले दाखवाचं होतं मले, पण ती यायलेच तयार नाही.’ मी पहिल्यांदा मान वर केली. शुक्राच्या उजव्या अंगाला, बऱ्याच वर, अंधारात एक पुसट रेघ होती, रांगोळीवर बोट फिरलं असावं तशी. एवढंच होतं ते. एवढ्याला मी जन्मभर भ्याले होते. हे मला समजावून सांगत होते की शेपूट नेहमी सूर्यापासून लांब राहते, आणि मी डोळे पुसत पुसत बघत होते. पदर मात्र डोळ्यांवर ओढला नाही.

भुट्टेवालीच्या फोनवरून मंजूला कळवलं. ती स्टेशनवर होती, फोनवरच रडायला लागली. ऑटोतही भुट्टेवालीनेच बसवून दिलं. वाटेत हे परक्या बाईशी बसावं तसे अंग चोरून बसले होते. तुमचे यजमान काय करतात म्हणून विचारलं. मी सांगितलं, रेल्वेत होते. मग ह्यांना बरं वाटलं, बरंच काही बोलले, बायकोबद्दलही. ते मी इथे लिहिणार नाही. संसारात कधी तोंडावर न बोललेलं ते सगळं होतं.

घरी वर्मा भाभी दारातच होत्या. आम्हाला पाहिलं आणि भैयांना फोन करायला आपल्या घरी धावल्या. हे उंबऱ्यापाशी थांबले, मला हात जोडून म्हणाले, ‘देवासारख्या भेटल्या बाई तुम्ही. अशा कशा जाता? चहा घेऊन जा.’ आणि आत तोंड करून माझ्या नावाने हाक मारली, की पाहुण्या आल्या, चहा टाक. घरातून उत्तर कोण देणार? मी ह्यांच्या बाजूने आत गेले आणि मुकाट्याने चहा ठेवला. साखर ओट्यावर सांडली. देव्हाऱ्यातला दिवा अजून जळत होता. मी तिकडे पाहिलं नाही, मला लाज वाटत होती.

ट्रे घेऊन बाहेर आले तर हे खुर्चीत बसलेले. माझ्याकडे पाहिलं आणि जरा चिडूनच म्हणाले, ‘अवं, कुठी होती तू? किती आवाज दिले तुले.’

मी तिथेच उभी राहिले. ह्यांनी मागेपुढे पाहिलं. ‘अन त्या बाई गेल्या वाटते, चहा न घेताच. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पत्ता तरी विचारून घेतला असता तू.’

‘विचारला,’ मी म्हटलं. ‘लागलं तर हाक मारा म्हणाल्या, जवळच राहते.’ हे मान हलवून चहा प्यायला लागले, आणि मीही बाजूला बसून प्याले.

तो ऑटो कुणी मागवला होता ते गल्लीत पुष्कळ विचारलं, पण कळलं नाही. आता विचारणं सोडलं आहे. त्या भुट्टेवालीला पुढे दोनदा भेटून आले, लुगडं नेऊन दिलं, ती म्हणते मी काय केलं, नुसती उभी होते. नुसतं उभं राहणं काय असतं ते मला कळलं आहे. हे आता बरेच उतरले आहेत, ओळखीचे दिवस कमी होत चाललेत, आणि घोर लावून घेण्याचा माझा स्वभाव काही गेलेला नाही. पण रेणुकेपाशी ते जुनं मागणं आता मी मागत नाही. मला ओळखू दे, असं म्हणणारी मी कोण? तिने त्या संध्याकाळी माझा माणूस माझ्याच हाताने मला परत दिला, आणि देताना माझं नाव तेवढं काढून घेतलं. त्याबद्दल तिचे उपकार मानते. ह्यांना ज्या वेळी जी हवी असेल ती मी व्हावं, एवढंच तिच्यावर सोपवलं आहे. संध्याकाळी हे ‘बाई’ म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देते.